जुन्या नोटा लॅमिनेट करू नका
आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या नोटा लॅमिनेट कराव्यात का, या वरच्या प्रश्नावर दोघांनी 'खुशाल करा' म्हटलंय. कृपा करून करू नका! गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा धड निघत नाही आणि अशा नोटेला संग्राहक सहसा विचारत नाहीत. धुणं, इस्त्री, चिकटपट्टी हेही नकोच. घडीची रेघ असेल तर असू द्या, ती त्या नोटेची स्वतःची आहे.

नोट ठेवायचं पाकीट पॉलिएस्टर प्लास्टिकचं घ्या. पीव्हीसी प्लास्टिकचं काही वर्षांनी चिकट होतं आणि नोटेला डाग पडतात. आपल्या सांगलीत ओल हा मोठा शत्रू. २०१९ च्या महापुरात लोकांच्या घरातली जुनी कागदपत्रं भिजून गेली, आठवलं की अजून जीव तुटतो. म्हणून संग्रह वरच्या मजल्यावर, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

नोटांवरच्या सह्या नक्की बघा. चिंतामणराव देशमुखांची सही सापडली तर जपाच. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९). एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरांची नव्हे, वित्त सचिवांची सही असते, कारण ती भारत सरकार काढतं.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटाही ट्रंकेत असतील तर मोजून घ्या. २०१७ च्या कायद्यानुसार दहापर्यंतच जवळ ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीस.