हंपी : आईच्या गुडघ्यांना झेपेल असा दोन दिवसांचा बेत सांगा (सांगलीहून)

कृष्णाकाठची_पोर : दिवाळीनंतर जायचंय. आई, बाबा, मी नि धाकटा भाऊ. राहणं-खाणं-प्रवास धरून बजेट दहा हजार. आईचे गुडघे दुखतात, पण विठ्ठल मंदिर बघायचंच म्हणते. रेल्वे की गाडी? काय गाळू?

माळावरचा_राजा : नवी गाडी घेतली तेव्हा आमची पहिली ट्रिप हंपीच. रिसॉर्टला रात्रीचे नऊ हजार गेले, पण नाश्ता काय होता! आई-बाबांच्या बाबतीत हात आखडू नये.

मिरज_जंक्शन : अहो, त्यांचं चौघांचं मिळून दहा आहे की! ताई, हरिप्रिया पकडा. दुपारी मिरजेत बसलं की हुबळी-गदगवरनं रात्री होस्पेट. मुक्काम तिथंच करा, स्वस्त पडतं. हंपी गावात मटण-दारू चालत नाही, भावाला आधीच सांगून ठेवा.

खरडा_भाकरी : हंपी कशाला? विजापूर करा. जवळ आहे, गोलघुमट आहे, सगळं सपाटीवर.

उभा_गजर : घुमटातला आवाज ऐकायला सज्जापर्यंत जिने चढावे लागतात, ते कोण चढणार? आणि हंपीच्या विठ्ठल मंदिरात मूर्तीच नाही. ती भानुदास महाराजांनी पंढरपूरला परत आणली. आईंना सांगा.

तळटीप : ती परंपरेतली कथा झाली, इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही.

उभा_गजर : तुमच्या इतिहासकारांनी वारी केलीय का कधी?

माळावरचा_राजा : मूर्ती राहू दे, रथ बघा. पन्नासच्या नोटेवर आहे. एका दगडातला!

तळटीप : एका दगडातला नाही, जवळ गेलं की सांधे दिसतात. पुढचे हत्तीही नंतर बसवलेत, त्यांच्या मागं मूळच्या घोड्यांचे पाय नि शेपट्या अजून आहेत. एका दगडातला तो उग्र नरसिंह, 6.7 मीटर, कृष्णदेवरायानं 1528 मध्ये घडवून घेतलेला. रस्त्याला लागूनच आहे, आईंना चालावं लागणार नाही.
आता कामाचं. विठ्ठल मंदिराच्या वाहनतळापासून बॅटरीची गाडी मिळते, सकाळी लवकर गेलात तर रांग कमी. तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी कमळमहाल-हत्तीशाळेला नि कमलापूरच्या म्युझियमला तेच चालतं. मातंग टेकडी नि अंजनाद्री (575 पायऱ्या) गाळा. विरूपाक्षाच्या गाभाऱ्यामागं एक अंधारी खोली आहे. भिंतीतल्या भोकातनं उजेड येतो नि समोर अख्खं गोपूर उलटं पडतं. ते चुकवू नका.

हळद_बाजार : बॅटरीची गाडी असते तिथं. आमच्या लॉजात गरम पाणी नव्हतं, मॅनेजर म्हणे नदीवर जावा.

मिरज_जंक्शन : रिझर्वेशन आत्ताच करा. सुट्ट्यांत मिळत नाही.

कृष्णाकाठची_पोर : सगळ्यांचे आभार. ठरलं. मामाची ओम्नी, बाबा चालवणार. त्यांना रेल्वेतलं जेवण चालत नाही. मुक्काम कमलापूरला, बाबांच्या ओळखीच्यांकडे. अंजनाद्री करायचीच, आई म्हणते मारुतीसाठी गुडघे चालतील. येताना इलकल-विजापूर-जत, कारण आईला इलकलात लुगडी बघायचीत. दहा हजारांवर आता कोणी बोलत नाही.

मिरज_जंक्शन : मग विचारलंत कशाला?

खरडा_भाकरी : विजापूर मी सांगितलं होतं.