पराग्वे युद्ध टेबलावर आणायचंय, अमेरिकन सिव्हिल वॉरचे रूल्स चालतील का?

बारापौंडी:
आमचा ग्रुप टेबलावर छोट्या फिगर्स मांडून त्रिपक्षीय युतीचं युद्ध, म्हणजेच पराग्वे युद्ध, खेळायला घेतोय, १८६४ ते १८७० मधलं. एका बाजूला एकटा पराग्वे आणि त्याचा हुकूमशहा फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ, समोर ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे. रूल्सवरून आमच्यात जोरदार वाद चालू आहे म्हणून इथे मांडतोय. बहुतेकांचं म्हणणं की काळ तोच, गणवेशही साधारण तसलेच, मग अमेरिकन सिव्हिल वॉरचे रूल्स उचला, फिगर्स रंगवा आणि सुरू करा. मला हे अजिबात पटत नाही.

बंदुकांचा फरक आहेच. पराग्वेच्या बहुतेक पायदळाकडे गुळगुळीत नळीच्या, चकमकीच्या जुन्या बंदुका होत्या आणि ब्राझीलकडे मिनिए रायफली. पण हे फाशाच्या आकड्यात दोन मॉडिफायर (अधिक-उणे) टाकून सुटतं. न सुटणारी गोष्ट म्हणजे दलदल आणि हुकूम. २४ मे १८६६ ची तुयुती घ्या, दक्षिण अमेरिकेतली सगळ्यात मोठी लढाई. लोपेझ स्वतः मागे मुख्यालयात, चोवीसेक हजार माणसं वेगवेगळ्या तुकड्यांत पाठवली, सगळ्यांनी सकाळी एकदम तुटून पडायचं असा प्लॅन, आणि त्याचा सेनापती बारिओस याची तुकडी जंगलातल्या अरुंद वाटेने एकामागे एक जात राहिली, हल्ला सुरू व्हायला साडेअकरा वाजले. तोवर समोरचे जागे आणि तयार. मालेतच्या ब्राझिलियन तोफखान्यासमोर खंदक होता, तिथे पराग्वेचं घोडदळ नुसतं कापलं गेलं. पराग्वेचे सहाएक हजार त्या एका दिवसात मेले. आता ज्या रूल्समध्ये खेळाडू आपल्या सगळ्या ब्रिगेड एकाच टर्नमध्ये हव्या तशा हलवतो त्यात ही लढाई होऊच शकत नाही, तिथे लोपेझ दर वेळी जिंकणार.

म्हणून माझं मत ब्रिगेड लेव्हल, म्हणजे खेळाडू एकेक सैनिक नाही तर मोठ्या तुकड्या हलवणार, आणि 'ब्लॅक पावडर' या रूल्ससारखी कमांडची पद्धत: हुकूम आधी तोंडाने सांगायचा, मग दोन फासे टाकायचे, कमांडरच्या रेटिंगच्या आत आलं तर युनिट हलेल, वर गेलं तर जागच्या जागी. वाचायला सुरुवात जॉर्ज थॉम्पसनपासून करा. हा इंग्रज इंजिनियर लोपेझच्या फौजेत होता, खंदकांची आखणी याने केली, पुस्तक १८६९ चं, म्हणजे फुकट वाचायला मिळतं.

पायदळ:
ब्रिगेड लेव्हलला माझा ठाम विरोध. ब्रिगेडवर गेलात की हे युद्ध दुसऱ्या कुठल्याही युद्धासारखंच दिसणार. याची खरी मजा छोट्या चकमकींत आहे. जुलै १८६६ मध्ये बोकेरोन आणि साउसेला जंगलातल्या खंदकासाठी हातघाईची लढाई झाली ती घ्या, किंवा २ मार्च १८६८ ची रात्र, पराग्वेचे लोक होड्या जोडीजोडीने बांधून, वर झाडपाला पसरून नदीतून वाहत आले आणि लिमा बारोस आणि काब्राल या ब्राझीलच्या चिलखती जहाजांवर चढले! जहाजावरचे लोक आत जाऊन दारं बंद करून बसले आणि बाकीच्या जहाजांनी छऱ्यांचा मारा करून डेक साफ केला. असा सिनॅरिओ जगात दुसरा दाखवा. तो ब्रिगेडच्या रूल्सने कसा खेळणार?

आणि तुमच्या फाशांबद्दल. बारिओसला उशीर झाला तो वाट अरुंद होती म्हणून, फासा वाईट पडला म्हणून नाही. कारण माहीत असताना ते नशिबावर का ढकलायचं? जंगलातून एका टर्नला चार इंच असं लिहा, उशीर आपोआप होईल.

बारापौंडी:
चार इंच लिहिलंत की खेळाडू लगेच हिशोब करतो, इतके टर्न लागतील, मग बाकीच्यांना तेवढे टर्न थांबवतो आणि सगळे एकदम पोचतात. लोपेझला तो हिशोब करता आला नाही हाच तर त्या दिवसाचा सगळा घोळ. फासा ते अज्ञान टेबलावर आणतो. होड्यांचा सिनॅरिओ जबरदस्त आहे हे मान्य, तो स्किर्मिश (छोट्या चकमकींच्या) रूल्सने वेगळा खेळू, पण कँपेनचा, म्हणजे एकाला एक जोडलेल्या लढायांचा, कणा त्याच्यावर नाही उभा राहणार.

मांडवीकर:
रूल्सचं तुमचं चालू द्या, मला थॉम्पसनवर बोलायचंय. घरात पोर्तुगीज असल्याने मी ब्राझीलच्या बाजूचं थोडं वाचलंय. थॉम्पसन डिसेंबर १८६८ च्या शेवटी अंगोस्तुराला शरण आला आणि पुढच्याच वर्षी लंडनमधून पुस्तक आलं. आपण ज्याची नोकरी केली तो किती क्रूर होता हे त्याला इंग्लंडमधल्या वाचकांना पटवायचं होतं, लोपेझवरची प्रत्येक ओळ हे डोक्यात ठेवून वाचावी लागते. खंदक, तोफा, जमीन याबद्दल मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही, नकाशे डोळे मिटून घ्या.

पण शत्रूच्या नुकसानीचे आकडे त्याच्याकडून घेऊ नका. कुरुपायतीच्या खंदकांवरचा युतीचा हल्ला घ्या, २२ सप्टेंबर १८६६. तो म्हणतो युतीची नऊ हजार माणसं गेली, युतीच्या स्वतःच्या कागदांवरून मृत आणि जखमी मिळून चारेक हजार निघतात. पराग्वेचे शंभराच्या आत, यावर दोन्हीकडे फारसा वाद नाही. तुमची व्हिक्टरी कंडिशन (जिंकण्याची अट) कुठल्या आकड्यावर ठेवणार? नऊवर ठेवलीत तर युतीच्या खेळाडूला अर्धी फौज घालवूनही 'इतिहासापेक्षा बरं केलं' असं वाटेल.

माझ्या मते तीन वाचा: लढलेल्या माणसाच्या आठवणी म्हणून दिओनिसिओ सेर्केइरा, ऑर्डर ऑफ बॅटलसाठी (कुठल्या फौजेत कुठल्या तुकड्या होत्या ती यादी) तास्सो फ्रागोसोचे खंड, आणि आजच्या संशोधनासाठी दोरातिओतोचं २००२ चं पुस्तक. पराग्वेच्या बाजूने सेंतुरिओन, तो स्पॅनिशमध्ये. आणि रिचर्ड बर्टनला विसरू नका, तोच जो मुंबईच्या फौजेत होता आणि गोव्यावर लिहून गेला. तो तेव्हा ब्राझीलमध्ये सांतोसला कॉन्सल होता, युद्ध चालू असतानाच रणांगणं बघून आला, आणि हुमाइताच्या किल्ल्याचा जेवढा गाजावाजा होता तेवढा काही त्याला तो भक्कम वाटला नाही.

पायदळ:
पोर्तुगीज आणि स्पॅनिश वाचून मग खेळा म्हणालात तर कोणी खेळणारच नाही. आपल्याला रविवारी दुपारी चार तासांत संपणारा गेम हवाय, पीएचडी नाही.

मांडवीकर:
मशीन ट्रान्सलेशनने ऑर्डर ऑफ बॅटलचं पान पाच मिनिटांत वाचता येतं हो. एकाच माणसाचं ऐकून एवढं मोठं युद्ध मांडणं मला अन्याय वाटतो, दोन्ही बाजूंवर.

तळटीप:
मला मोरालवर, म्हणजे सैनिक किती टिकून लढतात त्या रेटिंगवर, भांडायचंय. प्रत्येक रूल्समध्ये पराग्वेला 'मरेपर्यंत लढतात' म्हणून सरसकट बोनस देतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. १८ सप्टेंबर १८६५ ला ब्राझीलमधल्या उरुग्वायानामध्ये पराग्वेचा अधिकारी एस्तिगारिबिया याची पाच हजारांवर माणसं शरण आली, उपाशी होती, वेढ्यात होती, माणसांसारखी वागली. ती पराग्वेचीच होती ना? पुढे शरण जाणं कमी झालं त्यात देशासाठीची जिद्द होती, आणि शेजारचा पळाला तर शिक्षा आपल्यालाही होईल ही भीतीपण होती, हे थॉम्पसननेच लिहिलंय. बोनस द्यायचाच तर वर्षानुसार द्या. १८६६ च्या मेपर्यंत शिकलेली पलटण, चांगलं रेटिंग. तुयुतीत ती संपली, त्यानंतर खंदकात असताना उत्तम आणि उघड्यावर कच्ची. १८६७ च्या कॉलऱ्यानंतर दोन्ही बाजूंच्या युनिट्सची ताकद कमी करा, रोगाने युतीचीही माणसं गोळ्यांपेक्षा जास्त मारली. १८६८ च्या शेवटी म्हातारे आणि पोरं.

अनघा_क:
हेच विचारायला आले होते. कँपेन कुठे थांबवणार? १६ ऑगस्ट १८६९ ला आकोस्ता न्यूला पराग्वेच्या रांगांमध्ये मोठ्या संख्येने लहान मुलं होती, पराग्वेत त्याच तारखेला आजही बालदिन असतो. ते टेबलावर आणू नये असं मला वाटतं. त्यात कोणाला काही ठरवायचंच नव्हतं, मग खेळाडू काय ठरवणार?

पायदळ:
इथे मी विरोधात. डिसेंबर १८६८ ला थांबलात तर कँपेन 'युती जिंकली, छान' असं संपतं, आणि लोपेझ १ मार्च १८७० ला सेर्रो कोरामध्ये मारला जाईपर्यंत पराग्वेच्या लोकांवर काय ओढवलं ते गायबच होतं. खेळू नका, पण कँपेनच्या हिशोबात ते वर्ष धरा.

बारापौंडी:
फिगर्स डिसेंबर १८६८ च्या लोमास व्हॅलेंतिनासच्या लढाईला थांबणार, यावर माझी आणि अनघाताईंची सहमती आहे. पुढचं वर्ष पॉइंट्समध्ये कसं धरायचं ते पायदळ यांनी लिहून द्या, मी वाचेन. तळटीप यांचं वर्षानुसार रेटिंग तसंच्या तसं घेतोय.

कुरुपायतीसाठी माझा प्रस्ताव असा. १२ सप्टेंबरला लोपेझ आणि अर्जेंटिनाचा अध्यक्ष, युतीचा सरसेनापती मित्रे यांची याताइती कोराला भेट झाली, मग पावसाने हल्ला १७ वरून पुढे गेला, आणि तेवढ्या दिवसांत खंदक पूर्ण झाला. तेव्हा खंदक झाकून ठेवायचा, पराग्वेचा खेळाडू प्रत्येक दिवसाचं काम कागदावर लिहील, युतीने कुठल्या दिवशी हल्ला करायचा ते आंधळेपणी ठरवायचं, आणि ब्राझीलचा अॅडमिरल तामांदारे याच्या जहाजांचा तोफमारा किती लागला हे हल्ला सुरू होईपर्यंत युतीला कळता कामा नये. पायदळ, यात फासा एकही नाही.

पायदळ:
हे चालेल. पण पाऊस किती दिवस पडतो त्याला तरी फासा टाका, नाहीतर युतीवाला १७ लाच घुसेल.