‘मारिओ इज मिसिंग’मधील कॉइट टॉवरचे भित्तिचित्र: चोरीला गेले ते नेमके काय?

जुना खेळाडू:
सुपर निन्टेंडोवरचा १९९३ सालचा ‘मारिओ इज मिसिंग’ हा शैक्षणिक व्हिडिओ खेळ बऱ्याच वर्षांनी पुन्हा खेळत आहे. कूपांनी, म्हणजे कासवासारख्या दिसणाऱ्या खलपात्रांनी, जगभरच्या प्रसिद्ध वास्तूंमधून पळवलेल्या वस्तू मारिओचा भाऊ लुईजी याने मिळवायच्या आणि त्या वास्तूविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देऊन परत करायच्या, असा तो खेळ आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कॉइट टॉवरचे भित्तिचित्र हाती लागते आणि लुईजी ते इतर वस्तूंसारखेच खुशाल घेऊन फिरतो. त्या मनोऱ्यात असे उचलून नेण्याजोगे एकच चित्र प्रत्यक्षात आहे काय?

ओला गिलावा:
एकच चित्र तर नाहीच. टेलिग्राफ हिलवरचा हा २१० फुटी मनोरा लिली हिचकॉक कॉइट यांनी मृत्युपत्राने शहरासाठी ठेवलेल्या पैशातून १९३३ साली बांधून झाला. पुढच्याच वर्षी, महामंदीत हाताला काम नसलेल्या कलावंतांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने काढलेल्या योजनेतून, पंचवीसहून अधिक चित्रकारांनी त्याच्या आतल्या भिंती रंगवल्या. बहुतेक काम फ्रेस्को पद्धतीचे आहे. त्यात दिवसभरात रंगवून होईल तेवढाच चुन्याचा गिलावा भिंतीवर चढवतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, तसा रंग त्यातच अडकून राहतो. म्हणजे चित्र न्यायचे, तर गिलावाही न्यावा लागेल. कूपांकडे छिन्नी-हातोडा होता का, हे खेळ सांगत नाही!

दुसरा मजला:
एक दुरुस्ती सुचवतो. लिफ्टजवळची काही चित्रे कॅनव्हासवर तैलरंगात केलेली आहेत, तेव्हा लुईजीच्या हाती त्यांपैकीच एखादे लागले असावे, असे म्हणून खेळाची बाजू सावरता येईल. माझी खरी तक्रार वेगळी आहे. कूपा नसतानाही ही चित्रे लोकांच्या नजरेआड ठेवली गेली होती आणि ती हकीकत खेळाच्या कथेपेक्षा कितीतरी रंजक आहे. बर्नार्ड झाकहाइम यांच्या ग्रंथालयाच्या चित्रात एक माणूस एका हाताने वर्तमानपत्र चुरगाळत दुसऱ्या हाताने फळीवरचा मार्क्सचा ‘दास कापिटाल’ काढताना दिसतो, तर क्लिफर्ड वाइट यांनी कोयता-हातोडाच रंगवला होता. त्याच उन्हाळ्यात शहरातल्या गोदी कामगारांचा संप पेटला होता, ५ जुलैला गोळीबारात दोघे मारले गेले होते. अशा वातावरणात मनोऱ्याचे उद्घाटन लांबले आणि दारे उघडली ती थेट ऑक्टोबर १९३४ मध्ये. वाइट यांचा कोयता-हातोडा तेवढा पुसला गेला, झाकहाइम यांचा वाचक मात्र अजून तिथेच आहे.

जुना खेळाडू:
आभारी आहे. म्हणजे त्या भिंतीवरून खरोखर नाहीसे झाले ते एवढे एकच चिन्ह, आणि लुईजीला शोधायला लावायला हवे होते तेही तेच.