शब्दचर्चा : 'क्रॅश डंप' आणि 'टेक्स्टडंप' यांना मराठीत काय म्हणावं?

सायनकर :
सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी मराठीत कार्यपुस्तिका तयार होते आहे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकरणात 'क्रॅश डंप' आणि 'टेक्स्टडंप' हे शब्द शेजारी शेजारी येतात. दोन्ही म्हणजे सिस्टीम कोसळताना टिपून ठेवलेली माहिती. दोन्हींना नुसतं 'डंप' म्हटलं की घोटाळा होतो. रात्रपाळीवाला सांगतो "डंप मिळालाय" आणि सकाळपाळीवाला व्हीएमकोर (मेमरीच्या नकलेची) फाइल शोधत बसतो; तिथे असते टारची (अनेक फाइली एकत्र बांधलेली) फाइल. शिवाय मुंबईत 'डंप' म्हटलं की देवनारचं डम्पिंग ग्राउंड डोळ्यांपुढे येतं. इथली वस्तू टाकायची नाही, जपायची आहे. 'निक्षेप', 'संचयन' असले शब्द नकोत. फोनवर बोलता येईल असा शब्द सुचवा.

विक्रोळीकर :
आधी वस्तू नीट पाहू, मग शब्द सापडेल.

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) पॅनिक झाल्यावर, म्हणजे सावरता न येणारी चूक सापडून थांबल्यावर, त्याला स्वतःच्या फाइल सिस्टीमवर भरवसा ठेवता येत नाही. बिघडलेल्या अवस्थेत फाइल लिहायला गेला तर चांगला डेटाही नासवेल. म्हणून तो फाइल लिहीतच नाही. डिस्क ड्रायव्हरच्या अगदी साध्या वाटेने माहिती थेट स्वॅप विभागात (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) टाकतो, तीही शेवटाकडच्या जागेत. कारण मशीन पुन्हा सुरू होताना स्वॅप वापरात आला तर तो सुरुवातीकडून भरतो आणि शेवटाकडचं वाचतं. पुढच्या बूटमध्ये 'सेव्हकोर' हा प्रोग्राम ती माहिती उचलून '/व्हार/क्रॅश' मध्ये फाइल म्हणून ठेवतो. ही वाट दोन्ही डंपांना सारखीच आहे.

फरक आहे तो काय लिहिलं जातं यात. क्रॅश डंपमध्ये कर्नलच्या मेमरीची पानं जशीच्या तशी येतात. ती वाचायला केजीडीबी हा डीबगर (चुका शोधायचं साधन) लागतो, नेमका त्याच बिल्डचा कर्नल लागतो आणि त्याची डीबग सिम्बॉल्स (पत्त्यांना नावं जोडणारी माहिती) लागतात. यातलं एक जरी चुकलं तरी हाती फक्त आकडे. टेक्स्टडंप फ्रीबीएसडी ७.१ पासून आहे. त्यात कर्नलच्या आतला डीडीबी डीबगर जागच्या जागी काही प्रश्न विचारतो आणि आलेली उत्तरं साध्या मजकुरात लिहून ठेवतो. पाच फाइलींचा एक टार होतो : व्हर्जन, पॅनिक, एमएसजीबफ, कॉन्फिग आणि डीडीबी, प्रत्येकीला टीएक्सटीचं शेपूट. यातली कॉन्फिग तेवढी कर्नल बांधताना कॉन्फिग फाइल आत घेतली असेल तरच येते. टार उघडा आणि कुठल्याही एडिटरमध्ये वाचा.

गिरगावकर :
मग शब्द आपल्याकडे आहेत. पहिल्याला उतारा, दुसऱ्याला पंचनामा.

सातबाराचा उतारा म्हणजे मूळ नोंदीची जशीच्या तशी नक्कल. त्यात तलाठ्याचं मत नसतं, आणि अर्थ लावायला जाणता माणूस लागतो. मेमरीचा उतारा नेमका तसाच. पंचनामा मात्र जागेवर होतो, वस्तू हलवण्याआधी होतो, लिहून होतो आणि कुणालाही वाचता येतो. रीसेट होण्याआधी डीडीबी जे करतो ते हेच. 'मेमरीचा उतारा घेतला', 'पॅनिकचा पंचनामा झाला'. दोन्ही वाक्यं फोनवर नीट ऐकू येतात.

पार्लेकर :
'उतारा' मान्य. 'पंचनामा' म्हटलं की पोलीस, गुन्हा, कुणाचा तरी दोष असं मनात येतं. शिवाय 'एखाद्याचा पंचनामा करणं' म्हणजे त्याची लक्तरं काढणं. नवशिक्याला वाटेल की चूक त्याचीच शोधली जाते आहे. मला मुद्देमाल आणि जबानी ही जोडी बरी वाटते : व्हीएमकोर म्हणजे मुद्देमाल, टेक्स्टडंप म्हणजे जबानी.

गिरगावकर :
पावसाने पीक आडवं झालं की पंचनामेच होतात. तिथे कुणी आरोपी नसतो. मुंबईत भिंत कोसळली, घरात पाणी शिरलं, तरी पंचनामा. नुकसानीची जागेवरची नोंद हा अर्थ चांगला रुळलेला आहे.

'मुद्देमाल' का नको ते सांगतो. मुद्देमाल ही जप्त केलेली मूळ वस्तू असते. इथे मूळ वस्तू म्हणजे रॅम, आणि ती रीसेटबरोबर पुसली जाते. मागे उरते ती नक्कल, आणि तीही पूर्ण नाही : नेहमीच्या मिनीडंपमध्ये कर्नलने वापरात ठेवलेलीच पानं येतात. 'जबानी'त बोलणारा आपल्या मनाने बोलतो. डीडीबी मनाने काहीच सांगत नाही, विचारलं तेवढंच लिहितो. पंचनाम्यातही जे पाहिलं नाही ते येत नाही, आणि नंतर 'खिडकी उघडी होती का' असं त्या कागदाला विचारून उपयोग नसतो. टेक्स्टडंपची मर्यादा अगदी हीच आहे, म्हणून शब्द चपखल बसतो.

विक्रोळीकर :
ही मर्यादा पुस्तिकेत ठळक यायला हवी, कारण सगळं काम पॅनिकच्या आधी होतं. कोणते प्रश्न विचारायचे ते आधीच लिहून ठेवावं लागतं. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत.

कर्नलमध्ये केडीबी (डीबगरची चौकट) आणि डीडीबी हे पर्याय हवेत. रिलीजबरोबर येणाऱ्या जेनेरिक कर्नलमध्ये डीडीबी नसतो, म्हणजे कर्नल स्वतः बांधावा लागतो. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात : बाकी सगळं बरोबर, पण पंचनामा लिहिणाराच घरात नाही. मग आरसी-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये डंपडेव्ह 'ऑटो' आणि डीडीबी-एनेबल 'येस'. त्यानंतर '/ईटीसी/डीडीबी.कॉन्फ' मध्ये ही एक ओळ :

स्क्रिप्ट केडीबी.एंटर.पॅनिक=टेक्स्टडंप सेट; कॅप्चर ऑन; शो पीसीपीयू; बीटी; पीएस; ऑलट्रेस; कॅप्चर ऑफ; टेक्स्टडंप डंप; रीसेट

क्रम महत्त्वाचा आहे. 'बीटी' (बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनला कुणी बोलावलं त्याची यादी) आधी, 'ऑलट्रेस' शेवटी. ऑलट्रेस प्रत्येक थ्रेडची (चालू कामाच्या धाग्याची) अशी यादी लिहितो. शेकडो थ्रेड असले की कॅप्चरचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि पुढचं गळतं. गळायचंच असेल तर कमी गरजेचं गळू दे. बफर वाढवायचा तर सिस्कंटीएलमध्ये (कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेत) 'डीबग.डीडीबी.कॅप्चर.बफसाइझ' ला ५२४२८८ द्या, म्हणजे ५१२ केबी. हे पॅनिकच्या आधीच करायचं.

शेवटचा 'रीसेट' विसरला तर मशीन डीडीबीच्या प्रॉम्प्टवर थांबून राहतं. महापेच्या डेटा सेंटरमध्ये रात्री दोन वाजता कन्सोलपाशी कुणी नसेल, तर ते सकाळपर्यंत तसंच.

सायनकर :
चाचणीसाठी 'डीबग.केडीबी.एंटर' ला १ दिला तर डीबगर उघडतो, पण पंचनामा होत नाही. असं का?

विक्रोळीकर :
ताई, डीबगरमध्ये शिरण्याचं कारण वेगळं झालं. त्या वाटेने कारण 'सिस्कंटीएल' असं नोंदलं जातं, आणि तुमची स्क्रिप्ट 'पॅनिक' या कारणाला बांधलेली आहे. चाचणीला 'डीबग.केडीबी.पॅनिक' ला १ द्या. तो खरोखरचा पॅनिक करतो. म्हणून चाचणीचं मशीन वेगळं हवं, आणि आधी 'सिंक' (डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकणारी आज्ञा) चालवा. बूट झाल्यावर '/व्हार/क्रॅश' मध्ये 'टेक्स्टडंप.टार.०' दिसलं की काम झालं. पुढच्या पॅनिकला १, मग २. तिथे व्हीएमकोर दिसला, तर स्क्रिप्ट बहुधा चाललीच नाही असं समजा.

सायनकर :
पंचनामा हाती आला. आता वाचायचा कसा, याचा एक नमुना द्याल का? 'बॅकट्रेस'ला शब्द हवा, तोही त्यातून कळेल.

विक्रोळीकर :
बॅकट्रेसला माग. 'माग काढणं' आपण रोजच बोलतो.

६४-बिटी इंटेल किंवा एएमडी मशीनवरचा नमुना घ्या. पॅनिकच्या संदेशात 'फेटल ट्रॅप १२ : पेज फॉल्ट व्हाइल इन कर्नल मोड' असं आहे आणि खाली 'फॉल्ट व्हर्च्युअल ॲड्रेस' समोर हेक्समध्ये (सोळाच्या आधाराच्या आकड्यांत) २८. हेक्समधले २८ म्हणजे आपले ४०. इतका छोटा पत्ता खरा असणं जवळपास अशक्य; याचा अर्थ बहुतेक वेळा असा की कुणाकडे तरी रिकामा पॉइंटर (कुठल्याच जागेकडे न दाखवणारा पत्ता) आला आणि त्याने डेटाच्या रचनेतलं ४०व्या बाइटपासूनचं घर उघडायचा प्रयत्न केला. आता चूक ज्या कोडमध्ये झाली (ते खालच्या मागातून कळेल) त्याच्या सोर्समध्ये कोणत्या रचनेत ४० बाइटवर कोणतं घर आहे ते मोजा. निम्मा शोध इथेच लागतो.

मग डीडीबी फाइलमधला माग पाहा. वरून केडीबी-एंटर, व्हीपॅनिक, पॅनिक, ट्रॅप-फेटल, ट्रॅप-पीफॉल्ट अशी नावं येतात. नवशिके इथेच अडखळतात आणि 'पॅनिक फंक्शनमध्ये बग आहे' असं लिहून मोकळे होतात. ही सगळी अपघातानंतर धावत आलेली मंडळी. खाली तीन रेघांनी सुरू होणारी 'ट्रॅप' ची ओळ शोधा. तिथे हेक्समध्ये सी, म्हणजेच १२, लिहिलेलं असतं. त्या ओळीच्या लगेच खालचं फंक्शन म्हणजे अपघाताची जागा. तिथून खाली गेलात की ते कुणी बोलावलं, त्याला कुणी बोलावलं, असा माग लागतो.

पार्लेकर :
'पंचनामा' आता मलाही पटला. पण 'पॅनिक'ला काय? 'भीती' तर नक्कीच नाही. काही जण 'कर्नलने हाय खाल्ली' म्हणतात.

गिरगावकर :
हाय खाणारा हतबल होतो. पॅनिक हा घेतलेला निर्णय आहे : पुढे गेलो तर डेटा नासेल, म्हणून इथेच थांबतो. लोकलमध्ये त्यासाठी साखळी असते. कर्नलने साखळी ओढली. लिनक्समध्ये 'ऊप्स' वेगळं असतं. तिथे चूक करणारी प्रोसेस बहुधा मारली जाते आणि कर्नल लंगडत पुढे जातो. त्याला ठेच म्हणा.

आणि हँग म्हणजे पॅनिक नव्हे. 'सर्व्हर बसला' आणि 'सर्व्हर पडला' हा फरक आपल्या बोलण्यात आधीच आहे. बसलेल्या सर्व्हरने साखळी ओढलेलीच नाही, म्हणून उतारा नाही आणि पंचनामाही नाही. वीज गेली तर तेच.

पार्लेकर :
लिनक्सलाही हे शब्द लागू पडतात का ते तपासू. तिथे उतारा घेण्यासाठी केडम्प आहे. बूटच्या ओळीत 'क्रॅशकर्नल=२५६एम' असं देऊन मेमरीचा एक कोपरा राखून ठेवतात आणि तिथे दुसरा कर्नल बसवून ठेवतात. पहिल्याने साखळी ओढली की दुसरा त्या कोपऱ्यात सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी '/प्रॉक/व्हीएमकोर' म्हणून वाचतो. दुसरा कर्नल शाबूत असल्याने तो सरळ फाइल लिहू शकतो, नेटवर्कवरही पाठवू शकतो. कोपरा लहान पडला तर दुसऱ्या कर्नललाच मेमरी पुरत नाही आणि हाती काहीच येत नाही. सगळं जागेवर आहे का ते '/सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_लोडेड' मध्ये दिसतं, १ हवा. ठेच लागल्यावरही उतारा हवा असेल तर 'कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स' ला १.

उतारा गाळणाऱ्या 'मेकडम्पफाइल' ला 'डी ३१' दिलं की पाच प्रकारची पानं गळतात : शून्य पानं १, कॅशची २ आणि ४, युजर प्रोसेसची ८, मोकळी १६. बेरीज ३१. तर हा गाळीव उतारा झाला. काही वितरणांत शेजारीच 'व्हीएमकोर-डीमेसेज' नावाची मजकूर फाइल मिळते. ती पंचनामा नाही, कारण तिथे कुणी प्रश्न विचारलेले नसतात. ती कर्नलची नोंदवही.

सायनकर :
छान, नोंदवही घेते. उतारा बाहेर पाठवताना काही खबरदारी? आणि 'कोर'साठी कुणीतरी 'गाभा' लिहिलं आहे, ते ठेवू का?

पार्लेकर :
उताऱ्यात पासवर्ड, एनक्रिप्शनच्या किल्ल्या, ग्राहकांचा डेटा येऊ शकतो. गाळीव असला तरी कर्नलच्या स्वतःच्या पानांत किल्ल्या राहतात. फ्रीबीएसडी १२ पासून उतारा कूटबद्ध करता येतो. पंचनाम्यात हा धोका पुष्कळ कमी, तरी प्रोसेसची नावं आणि होस्टचं नाव असतंच. पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला.

गिरगावकर :
'गाभा' काढून टाका. कोर डंपमधला 'कोर' म्हणजे जुन्या संगणकांतल्या मेमरीची फेराइटची चुंबकी कडी. मध्यभागाशी त्याचा संबंध नाही. शिवाय 'गाभा' आपण कर्नललाच म्हणतो, तोच शब्द दोन्हीकडे आला तर वाक्य कळणार नाही. कर्नल मात्र 'कर्नल'च राहू द्या. लष्करातल्या कर्नलशी घोळ संदर्भाने टळतो.

सायनकर :
एक शेवटचं. पूर्ण उतारा घेतला की '/व्हार/क्रॅश' मध्ये 'कोर.टीएक्सटी.०' अशी वाचता येणारी फाइलही मिळते. ती पंचनामा का नाही?

विक्रोळीकर :
ती बूटनंतर 'क्रॅशइन्फो' हा प्रोग्राम तयार करतो, उतारा तपासून. वस्तू कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेली आणि तिथून कागद आला, तसं. तिला तपासणी अहवाल म्हणा. उतारा नसेल तर अहवालही नाही. म्हणून 'टेक्स्टडंप सेट' करणाऱ्याने हे समजून करावं : त्या पॅनिकचा पूर्ण उतारा मिळणार नाही.

दोन्ही हवे असतील तर एक वाट आहे. स्क्रिप्टमधून 'टेक्स्टडंप सेट' काढा, 'टेक्स्टडंप डंप' च्या जागी नुसतं 'डंप' लिहा, पण 'कॅप्चर ऑन' राहू द्या. डीडीबीची उत्तरं कर्नलच्या बफरमध्ये असतात, आणि तो बफर उताऱ्याबरोबर डिस्कवर येतो. बूट झाल्यावर 'डीडीबी कॅप्चर -एम /व्हार/क्रॅश/व्हीएमकोर.० प्रिंट' दिलं की पंचनामा उताऱ्यातून बाहेर येतो. यातला 'एम' तेवढा मोठ्या लिपीत. स्वॅपला जागा पुरेशी हवी.