मदत हवी आहे: अमेरिकेत ड्रोन नेतोय, रिमोट आयडीचं काय करू?

शटर_धरमपेठ
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी न्यू जर्सीला चाललोय, मामेबहिणीच्या मुलीचं लग्न आहे. ड्रोन सोबत नेतोय. काल भाऊजींचा फोन आला की इकडे रिमोट आयडीशिवाय, म्हणजे ड्रोनने उडताना आपली ओळख आणि जागा सांगत राहायच्या सोयीशिवाय, ड्रोन उडवला तर भानगड होते. तेव्हापासून नेटवर डोकं खपवतोय. एक जण म्हणतो ती ओळख पाठवणारं वेगळं मॉड्यूल घ्या, दुसरा म्हणतो लागतच नाही, तिसरा म्हणतो आधी नोंदणी करा. सीताबर्डीवर विचारून आलो तर दुकानदाराने वायफायचं डोंगल काढून समोर ठेवलं. मला फक्त एवढंच सांगा: मॉड्यूल घ्यायचं की नाही? आणि घ्यायचं तर इथे मिळेल का? लवकर सांगा, वेळ नाही.

फुटाळा_काठी
कोणता ड्रोन? वजन किती? उडवणार कशासाठी? यातलं काहीच न सांगता "लवकर सांगा" म्हटल्यावर कोण काय सांगणार भाऊ?

निवृत्त_पण_जागा
सर्वात आधी, तुमच्या ड्रोनचा यूआयएन काढला आहे का? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे युनिक आयडेंटिफिकेशन नंबर लागतो. आणि धरमपेठेत राहत असाल तर विमानतळाच्या हद्दीपासून तुम्ही आठ किलोमीटरच्या आत येता, म्हणजे गच्चीवरून सुद्धा परवानगीशिवाय उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगी लागत नाही त्या भागात, ४०० फूट. दंड एक लाखापर्यंत. नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर आहे. फुटाळ्यावर रविवारी पोरं बिनधास्त उडवत असतात, शेजारी वायुसेनानगर आहे याचंही भान नसतं. एकाला हटकलं तर मलाच म्हणतो, "काका, तुम्ही बाजूला व्हा, फ्रेममध्ये येऊन राह्यले."

शटर_धरमपेठ
काका, मी नागपुरात उडवण्याबद्दल विचारलंच नाही. अमेरिका. अ-मे-रि-का.
ड्रोन डीजेआय कंपनीचा मिनी २ आहे. उडवणार कशासाठी म्हणजे? लग्न आहे, लग्नातच उडवणार ना.

काटोलकर
ड्रोनचा विषय निघालाच आहे तर विचारून घेतो. संत्र्याच्या बागेत फवारणीला ड्रोन कसा पडतो? आमच्या भागात कपाशीवर चालू झालाय. आमच्या गावातल्या बचत गटाच्या ताईंना नमो ड्रोन दीदी योजनेत मिळेल म्हणतात, ८० टक्के अनुदान, कमाल आठ लाख. झाडाच्या आतल्या फांद्यांपर्यंत औषध जाते का, की वरच्या पानांवरच बसते?

एफपीव्ही_ह्यूस्टन
मिनी २ मध्ये रिमोट आयडी नाही. मी स्वतः बनवलेले ड्रोन उडवतो, सगळ्यांवर मॉड्यूल लावलंय. काही ग्रॅमचा तुकडा, वरच्या बाजूला वेल्क्रोने चिकटवायचा, जीपीएस लॉक होईपर्यंत थांबायचं आणि उडवायचं. इथे ऑनलाइन मागवून भाऊजींच्या पत्त्यावर उतरवून घ्या. नागपुरात शोधू नका. विषय संपला.

फुटाळा_काठी
विषय कसा संपला? मिनी २ २५० ग्रॅमच्या आत आहे. हौशी उडवणाऱ्याला २५० ग्रॅमच्या आत नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी लागत नाही त्याला रिमोट आयडीही लागत नाही. तुम्ही मॉड्यूल चिकटवायला लावताय आणि त्या मॉड्यूलनेच वजन २५०च्या वर जाऊन नोंदणी गळ्यात पडेल. नसलेलं दुखणं विकत घेणं झालं हे.

एफपीव्ही_ह्यूस्टन
पाच डॉलरची नोंदणी आहे, तीन वर्षं चालते. त्याला दुखणं म्हणत असाल तर काय बोलायचं. पोलीस आला आणि त्याच्या फोनवर काहीच दिसलं नाही तर त्याला वजनकाटा दाखवणार का?

नुसतीच_वाचक
फोनवर दिसतं म्हणजे? कोणालाही दिसतं? आणि त्यासाठी ड्रोनमध्ये सिम टाकावं लागतं का?

रेडिओवाला_नरेंद्रनगर
ताई, सिम नाही. ब्लूटूथ किंवा वायफायवर ड्रोन स्वतःच आकाशवाणी करत असतो, सेकंदाला किमान एकदा. त्यात असतं काय: ओळख क्रमांक, ड्रोन कुठे आहे, किती उंचीवर, किती वेगाने कुठे चाललाय, वेळ, आणि उडवणारा कुठे उभा आहे ते. ड्रोनमध्येच सोय असेल तर उडवणाऱ्याची चालू जागा जाते. मॉड्यूल असेल तर त्याऐवजी जिथून उड्डाण केलं ती जागा. साधं अ‍ॅप टाकलं की टप्प्यातल्या कोणालाही हे दिसतं. नाव-पत्ता मात्र दिसत नाही, क्रमांकावरून माणूस शोधायची सोय फक्त सरकारी यंत्रणेकडे.
सिमचा गोंधळ होतो कारण २०१९च्या अखेरच्या मसुद्यात इंटरनेटवरून माहिती पाठवायची अट होती. त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या अंतिम नियमात ती काढली. फक्त प्रसारण ठेवलं. उडवणाऱ्यांना नियम पाळायला सप्टेंबर २०२३ ची तारीख होती, कारवाईत मार्च २०२४ पर्यंत सवलत दिली, कारण मॉड्यूलच बाजारात मिळेनात.

नुसतीच_वाचक
म्हणजे एखादी मुलगी एकटी पार्कात ड्रोन उडवत असेल तर ती नेमकी कुठे उभी आहे हे कोणालाही कळणार. छान.

रेडिओवाला_नरेंद्रनगर
हा आक्षेप तिथेही बऱ्याच लोकांनी घेतला होता. नियम तसाच राहिला.

निवृत्त_पण_जागा
यात नवीन काय आहे? आपल्याकडे एनपीएनटी आहेच की. नो परमिशन, नो टेकऑफ. तेच हे.

रेडिओवाला_नरेंद्रनगर
काका, तेच कसं? एनपीएनटी म्हणजे परवानगी नाही तर पंखे फिरणारच नाहीत. रिमोट आयडी कोणाला थांबवत नाही, फक्त कोण उडतंय ते सांगतो. गाडीला नंबर प्लेट असणं वेगळं आणि चावीच न फिरणं वेगळं. शिवाय २०२१ च्या आपल्या नियमांत एनपीएनटी, ट्रॅकिंग बीकन (ड्रोनची जागा कळवणारं यंत्र), जिओ-फेन्सिंग (ठरलेल्या हद्दीबाहेर ड्रोन जाऊ न देणं) हे सगळं "पुढे कळवू, तयारीला किमान सहा महिने देऊ" या सदरात टाकलंय.

निवृत्त_पण_जागा
तयारीला वेळ दिलाय म्हणजे येणार आहेच. लोकांनी आतापासून शिस्त लावून घ्यावी एवढंच माझं म्हणणं.

शटर_धरमपेठ
अरे बाप्पा, माझ्या प्रश्नाचं काय झालं? फुटाळा_काठी म्हणतात लागत नाही, ह्यूस्टनवाले म्हणतात लावा. कोणाचं ऐकू? भाऊजींनी लॉनवरच्या वरातीचा टॉप शॉट पाहिजे म्हणून खास सांगितलंय. पॅकेजमध्ये धरलाय तो.

हडसन_पार
थांबा. पॅकेज? कसलं पॅकेज?

शटर_धरमपेठ
माझा स्टुडिओ आहे ना. फोटो, व्हिडिओ, अल्बम सगळं मीच करतोय. घरचंच काम आहे, तिकीट आणि वर थोडंफार देणार आहेत. त्याने काय फरक पडतो?

हडसन_पार
सगळा फरक त्यानेच पडतो. मी मूळचा प्रतापनगरचा, इथे न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो आणि पार्ट १०७ चं, म्हणजे कामासाठी ड्रोन उडवायच्या अमेरिकन नियमांचं, सर्टिफिकेट माझ्याकडे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.
२५० ग्रॅमची सूट फक्त निव्वळ हौसेसाठी उडवणाऱ्याला आहे. तुम्ही कामासाठी उडवताय. काम म्हटलं की पार्ट १०७ लागू, आणि त्यात वजनाची सूट नाही. ड्रोन शंभर ग्रॅमचा असला तरी नोंदणी लागते आणि रिमोट आयडीही लागतो. मिनी २ मध्ये तो नाही, म्हणजे मॉड्यूल लागणार आणि त्याचा सिरियल नंबर नोंदणीत टाकावा लागणार. म्हणजे मॉड्यूलच्या बाबतीत ह्यूस्टनवाले बरोबर निघाले, पण चुकीच्या कारणाने.
मॉड्यूल मात्र सर्वात सोपा भाग आहे. उडवणाऱ्याकडे पार्ट १०७ चं सर्टिफिकेट पाहिजे. त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन इंग्रजीत द्यायची, ६० प्रश्न, ७० टक्के पाहिजेत, फी १७५ डॉलर. नंतर पार्श्वभूमीची तपासणी होते. भारतातलं रिमोट पायलट सर्टिफिकेट इथे धरत नाहीत. वर परदेशी माणसाला कामासाठी ड्रोन उडवायला वाहतूक खात्याची वेगळी परवानगी लागते. लग्नाच्या आत हे होणं नाही.

शटर_धरमपेठ
मग पैसे घेत नाही. भेट म्हणून करतो. झालं हौशी?

काटोलकर
बरोबर आहे. घरच्या लग्नात कोण पावती फाडून राह्यलं?

हडसन_पार
नाही हो. पैसे घेतले की नाही, हा निकषच नाही. उड्डाण निव्वळ स्वतःच्या मजेसाठी आहे का, हा निकष आहे. शेजाऱ्याच्या छपराची फुकट पाहणी करून दिली तरी ते हौशीत बसत नाही. तुम्ही ते शॉट उद्या स्टुडिओच्या पेजवर टाकणार. टाकणार ना?

शटर_धरमपेठ
टाकणार तर. न टाकायला काय झालं.

हडसन_पार
मग संपलं.
आणि वरातीचा टॉप शॉट म्हणजे शे-दीडशे लोकांच्या डोक्यावर ड्रोन. पार्ट १०७ मध्ये माणसांवरून उडवायचे वेगळे वर्ग आहेत. सर्वात हलक्या वर्गात सुद्धा कातडी कापेल असं उघडं फिरतं पातं चालत नाही. मिनीची पाती उघडीच असतात. जमावावर घिरट्या घालायच्या असतील तर रिमोट आयडी हवाच. नाचणारी माणसं वर बघत नाहीत आणि शेरवानीत कोणी हेल्मेट घालत नाही.

एफपीव्ही_ह्यूस्टन
प्रत्यक्षात इतकं कोणी बघत नाही. मी इथे दर वर्षी गणपती विसर्जनाला उडवतो, आजवर कोणी विचारलं नाही.

फुटाळा_काठी
वा. आत्ताच पोलीस येईल म्हणून घाबरवत होतात, आता कोणी बघत नाही. एक काहीतरी ठरवा.

एफपीव्ही_ह्यूस्टन
माझ्या ड्रोनवर मॉड्यूल असतं, म्हणून कोणी विचारत नाही. कळलं?

वकील_सिव्हिल_लाइन्स
ड्रोन बाजूला ठेवा. व्हिसा कोणता आहे? बी१/बी२, म्हणजे पर्यटन-बिझनेस भेटीचा, असेल तर तिथल्या माणसाकडून मोबदला घेऊन फोटोग्राफी करणं हा स्वतंत्र प्रश्न आहे. विमानतळावर अधिकाऱ्याने "कशासाठी आलात" विचारल्यावर "पॅकेज" हा शब्द तोंडातून काढण्याआधी एखाद्या जाणकाराशी बोलून घ्या. जाहीर धाग्यावर याहून जास्त लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका.

काटोलकर
माझ्या फवारणीच्या प्रश्नाला कोणी उत्तर देईल का? इथं सगळे अमेरिकेतच फिरून राह्यले.

रेडिओवाला_नरेंद्रनगर
काटोलकर, वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. थोडक्यात: कपाशी-सोयाबीनवर बरा पडतो. संत्र्यासारख्या दाट झाडात पंख्यांच्या वाऱ्याने पानं हलतात, पण खोडापर्यंत थेंब पोचणं अवघड. आणि दहा लिटरचा ड्रोन टाकी भरल्यावर वजनाच्या स्मॉल वर्गात जातो, म्हणजे चालवणाऱ्याला सर्टिफिकेट पाहिजे. दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, त्याशिवाय नाही.

नुसतीच_वाचक
शटर भाऊ, तिथलाच एखादा सर्टिफिकेटवाला ड्रोनवाला लावा की त्या दोन तासांसाठी. बाकी लग्न तुम्ही कॅमेऱ्यावर करा.

हडसन_पार
हेच लिहायला आलो होतो. एडिसनच्या आसपास देशी लग्नं करणारे ड्रोनवाले भरपूर आहेत. ठरवताना तीन गोष्टी बघा: पार्ट १०७ चं कार्ड, ड्रोनची नोंदणी, विमा. इथले हॉलवाले विम्याचा कागद बहुतेक वेळा मागतातच. आणि न्यूअर्क विमानतळाच्या नियंत्रित हवाई हद्दीत जागा येत असेल तर आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. ते तो करेल, तुम्ही फक्त पत्ता द्या.

शटर_धरमपेठ
भाऊजींशी बोललो. ते म्हणतात बघतो एखादा. पण आयला, माझा ड्रोन मग घरी ठेवू की काय? बॅगही भरून झाली.

रेडिओवाला_नरेंद्रनगर
न्या. हौस म्हणून उडवा, मिनी २ आहे तसाच, मॉड्यूल न लावता. फक्त ट्रस्ट नावाची ऑनलाइन चाचणी देऊन सर्टिफिकेट फोनमध्ये ठेवा. फुकट असते, नापास कोणी होत नाही, पण मागितलं तर दाखवावं लागतं. सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, टोकांना टेप लावून. मोठ्या बॅगेत टाकल्यात तर बॅग उघडायला बोलावतील.
आणि हे महत्त्वाचं: निघताना मुंबईला कस्टम्सकडून ड्रोनचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, सिरियल नंबरसह. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे. परत येताना "हा इथूनच नेलेला आहे" हे सिद्ध करायला कागद नसेल तर काउंटरवरच ठेवून यावा लागेल. बिल असेल तर त्याची प्रतही ठेवा.

शटर_धरमपेठ
हे भाऊजींनी सांगितलंच नव्हतं! बिल २०२१ चं आहे, शोधतो. ठीक, लग्नाचे शॉट तिथला माणूस घेईल, मी वरून एडिट करीन. माझा ड्रोन नायगराला उडवतो मग, लग्नानंतर तिकडेच चाललोय सगळे.

हडसन_पार
नायगराला नको. न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कांत परमिटशिवाय ड्रोन चालत नाही आणि धबधब्याची अमेरिकन बाजू स्टेट पार्कच आहे. नॅशनल पार्कांतही बंदी. आमच्या टाउनशिपमध्ये एक मोकळं मैदान आहे, रविवारी सकाळी तिथे या. जागेचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो.