मदत हवी आहे : ईबुकची सवलत संपली की विक्री का आटते?

नारायण पेठेत आमचं छोटं प्रकाशन आहे. 180 रुपयांचं ईबुक दिवाळीत आठवडाभर 49 ला ठेवलं. धडाधड खपलं, पण किंमत पूर्ववत केल्यावर विक्री आधीपेक्षाही खाली गेली. भरपूर वाचणारे आता पुढच्या सेलचीच वाट बघतात, असा माझा संशय आहे. (मीही तेच करतो म्हणा!)

नंतर सवलत तीन दिवसांवर आणली, फरक नाही. मालिकेचा फक्त पहिला भाग स्वस्त केला, तेव्हा दुसऱ्याला थोडा उठाव आला.

अडचण अशी : ॲमेझॉनशिवाय इतर ॲपवरही विकतो, म्हणून केडीपी सिलेक्टमध्ये (ईबुक फक्त ॲमेझॉनवरच विकायची अट असलेली त्यांची योजना) जाता येत नाही आणि त्याशिवाय भारतात 70 ऐवजी 35 टक्केच रॉयल्टी मिळते. 49 मध्ये आमच्या हाती जेमतेम 17 रुपये. त्यात लेखकाचा वाटा. फुकट वाटणं लेखकांना मान्य नाही. जाहिरातीला पैसे नाहीत, तो सल्ला कृपया नको.

महिन्याला चार-पाच ईबुकं घेणाऱ्यांनीच सांगा : सेलमध्ये घेतलेल्यांपैकी खरंच किती वाचता? आणि मराठी ईबुकची कायमची किंमत किती असेल तर सेलची वाट न बघता लगेच घ्याल?