डाग घोट्याजवळ असेल तर क्रीम नंतर

पायांवरचे काळे डाग घालवायला लिंबू आणि खायचा सोडा चोळायचा सल्ला इथे दोघींनी दिलाय, तो कृपया नको. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग उलट गडद होतो. डास चावल्याचे, वॅक्सिंगनंतरच्या पुळ्यांचे डाग खाजवणं थांबवलं की हळूहळू फिके पडतात. पायांचे चेहऱ्यापेक्षा उशिरा, एवढंच.

पण घोट्याच्या वर, आतल्या बाजूला तपकिरी पट्टा असेल तर प्रकरण वेगळं. माझी जाऊ ठाण्यात गोखले रोडला साड्यांच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभी असते. तिने कितीतरी क्रीमं संपवली (एक तर सोन्याच्या भावाचं!). शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाय बघून थेट कलर डॉपलर (शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करायला सांगितलं. निघाल्या व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरा. शिरांमधल्या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांच्यातलं लोह त्वचेत बसतं. त्याला वरून काय लावणार? आता ती डॉक्टरांनी मापाने दिलेले घट्ट स्टॉकिंग्ज सकाळी उठल्याउठल्या चढवते. संध्याकाळी पाय जड होत असतील, घोट्याशी सूज येत असेल, तर आधी शिरा दाखवून घ्या.